ऐकलेले सेकंद: शून्य

मार्व्हा जोसेफला लंडनमधल्या निदान चार हजार गाण्यांची जात ठाऊक होती. ठाऊक असायलाच हवी. ती तिनंच लावली होती.

लँटर्न रेडिओच्या कचेरीत एकोणीस वर्षं तिचं काम एकच. आलेलं गाणं संगणकात चढवायचं आणि त्याच्या नावापुढच्या रकान्यात एक अक्षर घालायचं. पॉप असेल तर पी, रॉक असेल तर आर, नाचाचं असेल तर डी, आणि काळ्या माणसांचं असेल तर यू. यू म्हणजे अर्बन, शहरी. काळ्या माणसांचं असं अर्थातच कुठं लिहिलेलं नव्हतं. इंग्रज माणूस असल्या गोष्टी लिहून ठेवत नाही. तो रकाना करतो.

मार्व्हा स्वतः काळी. आई सेंट लुशियाहून आली आणि आयुष्यभर इस्पितळाच्या चादरी धुऊन लेटनमध्येच वारली. मार्व्हा लेटनमध्ये जन्मली आणि पन्नाशीपर्यंत तिनं फार मोठी मजल मारली ती दोन मैल वर, वॉल्थमस्टोपर्यंत. लग्न केलं नाही. शनिवारी सूप, रविवारी चर्च, आणि उरलेले पाच दिवस यू.

पण मुळात ती अक्षरवाली बाई नव्हती. मुळात ती कानवाली बाई होती, आणि हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नुसती कचेरीची होईल.

चौऱ्याण्णव ते दोन हजार अशी सहा वर्षं लेटनच्या एका सरकारी इमारतीत, चौदाव्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एक चोरटं रेडिओ स्टेशन चालायचं. टर्नटेबल ओट्यावर, अँप्लिफायर शेगडीवर. म्हणून त्याचं नाव हॉट-प्लेट एफएम. परवाना नव्हता. सरकारी निरीक्षक वर्षातून दोनदा येऊन अँटेना उचलून न्यायचे. शेजारच्या वस्तीतली चोरटी स्टेशनं महिन्यातून दोनदा येऊन न्यायची. सरकार त्या मानानं सभ्य होतं. अँटेना पुन्हा चढवायचं काम थॅडियस मोंदेझीरकडे. तोही सेंट लुशियाच्या आईबापांचा, धंद्यानं प्लंबर. तो अँटेना गच्चीवरच्या हवेच्या पाइपात असा लपवायचा की एकदा निरीक्षकानं त्याच पाइपाला टेकून सिगारेट ओढली आणि खाली जाऊन अहवाल लिहिला, काही आढळलं नाही. रविवारी दुपारी रेकॉर्ड लावायलाही थॅडच बसायचा. त्याची बायको आयोनी डब्यातून भाजलेलं कच्चं केळं आणि खारवलेला मासा घेऊन चौदा मजले चढायची, कारण लिफ्ट हा त्या इमारतीतला केवळ सजावटीचा भाग होता.

मार्व्हाचं काम टेलिफोन. ऐकणाऱ्याला गाणं आवडलं की तो मिस्ड कॉल द्यायचा. फोन उचलायचा नाही, नुसते मोजायचे. वीस झाले की मार्व्हा बोट वर करायची आणि थॅड सुई उचलून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायचा. लोकशाहीचा इतका शुद्ध प्रकार मार्व्हानं पुढे कुठंच पाहिला नाही.

आणि नव्या रेकॉर्डी ऐकायच्या, हेही तिचंच काम. पोरं पिशवीत घालून आणायची. वर कोरा पांढरा कागद. नाव नाही, गाव नाही, फोटो तर नाहीच. गाणारा काळा की गोरा की हिरवा, हे कळायची सोय नव्हती आणि कुणाला पडलेलीही नव्हती. सुई टेकवायची आणि ऐकायचं. मार्व्हाचा कान असा तयार झाला की चार ठोक्यांत ती सांगायची, ही टॉटनहॅमची, ही साउथेंडच्या कुणा गोऱ्या पोरानं आईच्या गॅरेजात केलेली, आणि आई मध्येच जेवायला हाक मारते आहे.

मग ते संगीत वर आलं. दुकानांत वाजायला लागलं, लग्नांत वाजायला लागलं, विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत तीन-तीन गाणी बसली. परवान्याच्या स्टेशनांची पंचाईत झाली. ज्या आवाजाबद्दल ते कालपर्यंत पोलिसांत तक्रार करत होते तो आता त्यांना हवा होता, आणि त्यातलं कळणारा माणूस कचेरीत एकही नव्हता. दोन हजार एक साली लँटर्ननं मार्व्हाला नोकरीवर घेतलं.

पहिल्याच बैठकीत संगीत विभागाचा प्रमुख अ‍ॅलिस्टर म्हणाला, "हे जे तुमचं संगीत आहे ना, त्याला आपण अर्बन म्हणणार आहोत. चालेल ना?"

"अर्बन म्हणजे?"

"शहरी. शहरातलं."

"आणि मँचेस्टरची ती गिटारवाली पोरं? ती काय बटाटे काढता काढता गातात?"

सगळे हसले. अ‍ॅलिस्टरही हसला, तो वाईट माणूस नव्हता. हसणं हेच उत्तर धरून बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

मार्व्हा मात्र भांडली. हे तिच्या नावावर प्रामाणिकपणे जमा करायला हवं, कारण पुढे जमेच्या बाजूला फारसं काही नाही. दिवसा, म्हणजे लोक खरंच ऐकतात तेव्हा, यूचं एकही गाणं लागत नसे. तीन महिने दर मंगळवारी तिनं तोच विषय काढला आणि शेवटी मिळवलंच: दिवसा, तासाला निदान एक यू. त्या संध्याकाळी तिनं थॅडला फोन केला.

"शिरलो रे आत!"

"दारातून की खिडकीतून?"

"मांजराच्या फटीतून. पण शिरलो."

"शेपूट आत घे मग," थॅड म्हणाला, "ते लोक दार लावतात."

पंगतीत पान मांडलं गेलं होतं. ते कोपऱ्यात होतं, वेगळं होतं, पण होतं. मात्र वर्ष-दोन वर्षांत 'निदान एक'चं 'फार तर एक' झालं. कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात ठेवायचं काम मार्व्हाचं होतं. शिवाय दोन यू शेजारी-शेजारी येता कामा नयेत असा नियम संगणकात बसला, रुसलेल्या व्याह्यांना लग्नात लांब बसवतात तसा. सरे परगण्यातली एक गोरी पोरगी ब्रिक्स्टनच्या काळ्या म्हातारीसारखा घसा लावून गायची. तिला पी मिळाला आणि ती दिवसातून आठ वेळा वाजली. ते अक्षरही मार्व्हानंच घातलं होतं.

रोज सकाळी चाळीस-पन्नास पाकिटं येत. पहिल्या वर्षी ती गाणं पुरतं ऐकायची. दुसऱ्या वर्षी पहिलं कडवं. पाचव्या वर्षी पहिले ठोके. मग कधीतरी, बहुधा एखाद्या घाईच्या सोमवारी, तिनं नुसता पाकिटावरचा फोटो पाहिला आणि अक्षर घातलं. आभाळ कोसळलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण अक्षर बरोबरच होतं. म्हणजे फोटोशी जुळत होतं. शितावरून भाताची परीक्षा करतात. मार्व्हा पोत्यावरच्या चित्रावरून करू लागली.

दोन हजार तेरा सालच्या एप्रिलमध्ये वेना ग्रे नावाच्या कुणा नव्या गायिकेचं पाकीट आलं. गाणी वाटत फिरणारा दलाल ते घेऊन स्वतः टेबलापाशी उभा होता. फोटोत बंद दुकानाच्या शटरपुढे उभी एक काळी पोरगी, केस बारीक कापलेले, अर्धा चेहरा सावलीत. मार्व्हानं यू दाबला आणि पुढचं पाकीट उचललं.

दोन आठवड्यांनी थॅडचा फोन आला.

"काय गं, मिळालं का माझ्या पोरीचं?"

"पोरीचं काय?"

"अगं, वेना ग्रे! आपली रोवेना. मुद्दाम सांगितलं नाही तुला. म्हटलं, तुझा कान बघू, ओळखतेस का. आवाज अगदी आयोनीचा आहे की नाही?"

आयोनीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मार्व्हानं रोवेनाला शेवटचं पाहिलं ते दफनाच्या दिवशी, लांब केसांची, नाक पुसत असलेली. समोरच्या भिंतीवर लँटर्नच्या पाटीवरचा दिवा लुकलुकत होता. मार्व्हाच्या तोंडून निघून गेलं, "ऐकलं ना. लगेच ओळखलं. सुंदर आहे रे."

"मग वाजत का नाही?"

आता इथं खरं सांगायला एक श्वास पुरला असता. मार्व्हानं तो श्वास घेतला आणि म्हणाली, "मी भांडले मीटिंगमध्ये. पण तुला माहीत आहेत ही माणसं."

"माहीत आहेत," थॅड म्हणाला. "तू आत आहेस म्हणून तरी कुणी कान दिला. देव तुझं भलं करो, बाई."

फोन ठेवल्यावर तिनं संगणकात पाहिलं. यूची गाणी वेगळ्या यादीत जात आणि ती यादी निवडणाऱ्यांना दणदणीत ठेक्याची गाणी हवी असत. त्यांनी वेना ग्रेपुढे शेरा मारला होता: बँजो आहे, खेड्यातल्या लोकगीतांचं वाद्य, हे आपलं नव्हे. आणि पीची यादी करणाऱ्यांच्या समोर ती आलीच नव्हती, कारण ती यू होती. पोरगी ना घरची राहिली ना दारची. अक्षर बदलायचं तर अ‍ॅलिस्टरकडे जाऊन म्हणावं लागलं असतं, मी न ऐकता घातलं. मार्व्हानं ठरवलं, पुढच्या आठवड्यात बदलू. गाणं मात्र तिनं तेव्हाही लावलं नाही. लावलं असतं तर ते चांगलं निघण्याची भीती होती.

नव्या गायकाला दिवसाचा रेडिओ सहा आठवड्यांत उचलतो, नाही तर नाही. रोवेनाला उचललं नाही. दोन वर्षं ती दारूच्या गुत्त्यांत मागच्या खोलीत गायली, मग नगरपालिकेच्या दुरुस्ती खात्यात लागली. कुणाचं छत गळतंय, कुणाचा बॉयलर बंद, हे फोनवर लिहून घ्यायचं. थॅड भेटेल त्याला सांगे, त्या कचेरीत सगळे बहिरे, एक आमची मार्व्हा सोडून. दर नाताळात तो आयोनीच्या पद्धतीनं केलेला, रममध्ये मुरवलेला काळा केक घेऊन यायचा. केक उत्तम असे. खाली उतरायला मात्र वेळ लागे.

असे सात नाताळ गेले. आठव्याच्या आधी दोन हजार वीसचा जून आला. अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली एक माणूस मेला, इथं रस्त्यांवर मोर्चे निघाले, आणि संगीताच्या धंद्यातल्या मंडळींना एकाएकी अर्बन हा शब्द टोचायला लागला. साथीमुळे सगळे घरी होते. मार्व्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बैठकीला बसली. पडद्यावर अ‍ॅलिस्टर, मागे त्याची पुस्तकं.

"हा शब्द आजपासून बंद," अ‍ॅलिस्टर म्हणाला. "तो लाजिरवाणा आहे. आपण आता ऐकायला शिकलं पाहिजे."

"आणि आधीची गाणी?" मार्व्हानं विचारलं.

"सगळी पुन्हा तपासायची. नवी अक्षरं. आणि मार्व्हा, हे काम तुझंच. तुझ्याइतकं हे कुणी सोसलेलं नाही."

बाकीच्या चौकटींतल्या तोंडांनी गंभीरपणे मान हलवली. मार्व्हानंही हलवली. सोसलेल्या माणसानं हलवावी तशी.

त्याच दुपारी तंत्रज्ञांनी तिला जुनी नोंदवही उघडून दिली. संगणक इतकी वर्षं काय काय टिपत होता याची तिला कल्पना नव्हती. प्रत्येक गाण्यापुढे अक्षर कुणी घातलं, कधी घातलं, आणि घालण्याआधी गाणं किती ऐकलं, हे सगळं होतं. यूची एकूण गाणी तीन हजार आठशे साठ. त्यातल्या तीन हजारांहून अधिकांपुढे 'एम.जे.' अ‍ॅलिस्टरची आद्याक्षरं कुठंच नव्हती. मार्व्हानं रकाना उतरत्या क्रमानं लावला आणि खाली गेली. शून्य, शून्य, शून्य. एक हजार नऊशे सत्तेचाळीस शून्यं. खाली जायला बोट दुखेल इतकी.

गोऱ्यांनी रकाना केला होता हे खरं. पण रकाना काही आपोआप भरत नाही.

वेना ग्रे सापडायला वेळ लागला नाही. एम.जे., सोळा एप्रिल, सकाळी दहा बेचाळीस. ऐकलेले सेकंद: शून्य.

तिनं कानाला हेडफोन लावला आणि सात वर्षं दोन महिन्यांनी ते गाणं लावलं. बँजो आणि एक आवाज, बस्स. गाणं एका कोटाबद्दल होतं. आई गेली, पण तिचा मोहरीच्या रंगाचा कोट दारामागच्या खुंटीला तसाच आहे. बाबा रोज येता-जाता त्याला वळसा घालून जातात, जणू त्यात कुणी उभं आहे. तिसऱ्या कडव्यात कोटाचं एक बटण वेगळं आहे, निळं, कुणा मैत्रिणीनं गडबडीत लावलेलं.

ते बटण मार्व्हानं लावलं होतं. चौदाव्या मजल्यावर, शेगडीवरच्या अँप्लिफायरच्या उजेडात.

तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. नोंदवहीत ते आता दिसणार होतं.

त्या आठवड्यात लँटर्ननं जाहीर केलं की पुढच्या गुरुवारी दुपारी अडीचला या विषयावर थेट कार्यक्रम होईल, चोरट्या स्टेशनांच्या काळातला एखादा जुना जाणता बोलवू. अ‍ॅलिस्टरनं थॅडला शोधून काढलं आणि थॅडनं लगेच मार्व्हाला फोन केला.

"ऐकलंस का? ज्या सरकारनं माझ्या अकरा अँटेना नेल्या, त्याच्याच परवान्यावर बोलणार मी! आणि पोरीबद्दल पण बोलणार. तिनं ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तू कशी एकटी भांडलीस ते अख्ख्या लंडनला कळू दे."

"थॅड, ते नको."

"लाजतेस काय म्हातारे?"

"हो," मार्व्हा म्हणाली.

बुधवारी सकाळी अकराला ती लेटनला त्याच्या फाटकापाशी उभी राहिली. थॅड अंगणात घेवड्याच्या वेलांना पाइपानं पाणी घालत होता. डोकं पूर्ण पांढरं, पाठ प्लंबरची, म्हणजे कायम कशाखाली तरी वाकलेली.

"दोन मीटर हं बाई," तो ओरडला. "या सरकारचा आपल्याला कशापासून तरी लांब ठेवायचा हट्टच आहे. आधी अँटेनापासून, आता एकमेकांपासून. आत नाही बोलावता येत, पण खुर्ची फेकू का?"

"मी ते ऐकलं नव्हतं, थॅड."

"काय?"

"रोवेनाचं गाणं. पाकिटावरचा फोटो बघितला आणि यू घातला. मी. अ‍ॅलिस्टरनं नाही, कुणी नाही. माझ्या बोटानं."

पाइपातून पाणी एकाच वेलाच्या मुळाशी पडत राहिलं.

"फोनवर तू म्हणालीस, लगेच ओळखलं."

"खोटं बोलले."

"मीटिंगमध्ये भांडलीस."

"नाही भांडले. विषयच काढला नाही."

"थोडं तरी ऐकलं असशील. सुरुवात?"

"शून्य. लिहिलेलं आहे तिथं."

थॅडनं नळ बंद केला. नळ बंद करायची त्याची सवय जन्माची; घाईत असला तरी पुरता पिळायचा.

"चौदा मजले चढून पोरं यायची," तो म्हणाला. "आणि तू एकेक रेकॉर्ड ऐकायचीस. ते दात पडलेलं पोरगं आठवतं? त्याच्या रेकॉर्डवर गाणंच नव्हतं, नुसता पंख्याचा आवाज आला होता. तू तोही शेवटपर्यंत ऐकलास. म्हणालीस, बिचारा एवढा चढून आला."

"हो."

"पंखा ऐकलास, मार्व्हा. आणि माझ्या..."

रस्त्यावरून एक बाई कुत्रं घेऊन गेली आणि दोघांना गुड मॉर्निंग म्हणाली. दोघांनी गुड मॉर्निंग म्हटलं.

"हलकं वाटत असेल आता तुला," थॅड म्हणाला.

"नाही."

"थोडं वाटतच असेल. मला सांगून टाकलंस ना. आता मी हे कुठं ठेवू, ते सांग. पोरीला सात वर्षं सांगतोय, तिथं आत आपलं माणूस होतं आणि त्यानं तुझं गाणं ऐकलं. बाकीचे गेले खड्ड्यात. त्या एका गोष्टीवर ती सरळ उभी आहे. आता तिला काय सांगू? आपल्याच माणसानं थोबाड बघून बाजूला टाकलं?"

"मी सांगते तिला. मी जाऊन सांगते."

"तू काही सांगायचं नाहीस." आवाज चढला नव्हता, चढला असता तर मार्व्हाला बरं वाटलं असतं. "उद्या अडीचला मी ठरवलंय तेच बोलणार. ती ऐकत असेल. मी बोललो की तू हो म्हणायचंस. एवढं तरी कर."

तो आत गेला. दार उघडं राहिलं त्या क्षणात मार्व्हाला पॅसेजमधली खुंटी दिसली, आणि थॅड तिच्यापाशी थोडा बाजूला होऊन पुढे गेला.

गुरुवारी अडीच वाजता तिघं आपापल्या घरी बसून एका कार्यक्रमात होते. सूत्रसंचालक हा पंचविशीतला गोड आवाजाचा माणूस. त्याच्या जन्मावेळी हॉट-प्लेटची पहिली अँटेना चोरीला गेलेली होती. त्यानं थॅडला जुन्या दिवसांबद्दल विचारलं. थॅडनं पाइपाला टेकलेल्या निरीक्षकाची गोष्ट सांगितली, लिफ्टची सांगितली. सूत्रसंचालक खळखळून हसला. मग म्हणाला, "आणि तुमची मुलगी स्वतः गायिका होती. या लेबलांचा तिला त्रास झाला?"

"झाला." इथं थॅड थांबला. मार्व्हाला वाटलं, आता. तिनं टेबलाची कड धरली. "पण त्या इमारतीत एक बाई होती. ती आमच्या स्वयंपाकघरातून गेलेली. बाकी कुणी ऐकलं नाही, तिनं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. माणसाला एक जण पुरतो."

थॅडला मार्व्हा तीस वर्षं ओळखत होती. विनोदाशिवाय सलग पाच वाक्यं त्याच्या तोंडून तिनं आयोनीच्या दफनाच्या दिवशीसुद्धा ऐकली नव्हती.

"मार्व्हा," सूत्रसंचालक हळुवारपणे म्हणाला, "हे ऐकून काय वाटतं?"

हो म्हणायचं होतं. एवढंच काम होतं. "थँक यू, थॅड," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पडद्याच्या कोपऱ्यात अ‍ॅलिस्टरचा निरोप उमटला: फारच सुंदर, डोळ्यांत पाणी आलं. तासाभरात तेवढा तुकडा कापून लँटर्ननं सगळीकडे पाठवला. रात्रीपर्यंत नऊ हजार लोकांनी त्याला बदाम दिले. चर्चच्या पाद्रीबाईंनी कळवलं की रविवारच्या प्रवचनात घेऊ म्हणून.

चार वाजता फोन वाजला. रोवेना.

"मार्व्हा आंटी, ऐकलं हं. ऑफिसात स्पीकर लावून ऐकलं. एका माणसाचा बॉयलर फुटला होता, त्यालाही होल्डवर ठेवून ऐकवलं."

मार्व्हानं बसून घेतलं. थॅडला शब्द दिला नव्हता तिनं. त्यानं मागितला होता, एवढंच. आणि पुन्हा एकदा एका श्वासाचं काम होतं.

"रोवेना, तुझे बाबा बोलले ते..."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"तुम्ही ऐकलं नव्हतं ते." आवाजात राग नव्हता. गळक्या छताची तक्रार घेताना असावा तसा, समजूतदार. "तो दलाल होता ना माझा, तो तिथंच उभा होता टेबलापाशी. त्याच संध्याकाळी मला सांगितलं त्यानं. म्हणाला, पाकीट हातात घेतलं, तोंड बघितलं, बटण दाबलं, पाच सेकंद. त्याला गंमत वाटली होती. मी पण हसले."

"सात वर्षं माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि मी तुमच्याकडे ईस्टरला जेवायला यायचे. तू मला वाढायचीस."

"मग काय उपाशी ठेवायचं?"

मार्व्हा म्हणाली, "ऐकलं मी ते. मागच्या आठवड्यात. पूर्ण. रोवेना, ते फार..."

"नको, आंटी," रोवेना पटकन म्हणाली. "चांगलं होतं असं आता नका सांगू. वाईट होतं असं समजून मी बरी राहते."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. बॉयलरवाला अजून होल्डवर होता.

"कधी बोलली का नाहीस?" मार्व्हानं विचारलं. "बाबांना तरी सांगायचंस. शिव्या घातल्या असत्या त्यानं मला, पण..."

"त्यांना?" रोवेनाचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला वाटला. "अहो, आई गेल्यापासून त्यांचा दोनच गोष्टींवर विश्वास आहे. तांब्याचे पाइप आणि तुम्ही. ऐकलं ना आज कसं बोलले? त्यांना यातलं काही कळता कामा नये, आंटी. फार लागेल त्यांना. सांगणार नाही म्हणा."

खिडकीखाली कुणाच्या तरी गाडीत मोठ्यानं लँटर्न लागलं होतं; एकेकाळचे दोन यू आता पाठोपाठ वाजत होते, नव्या नियमाप्रमाणे.

"नाही सांगत," मार्व्हा म्हणाली.